भंगारातला प्रेशर वॉशर : तीनपैकी एक प्लंजर काम करत नाही, सुटा व्हॉल्व्ह कसा मिळवावा?

नमस्कार.

मागच्या महिन्यात कोल्हापुरातल्या एका भंगारवाल्याकडून मी 1,100 रुपयांना एक प्रेशर वॉशर (पाण्याच्या जोरदार धारेने फरशी धुण्याचे यंत्र) घेतला. पावसाळा संपेपर्यंत आमच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर शेवाळाचा जाड थर बसतो आणि गेल्या वर्षी त्यावरून घसरून आईचा हात मोडला, म्हणून हा खटाटोप. यंत्रावरचे कंपनीचे नाव खरवडले गेले आहे, परंतु मागची पाटी वाचता येते : 230 व्होल्ट, 1.8 किलोवॉट, मिनिटाला 7 लिटर पाणी, कामाचा दाब 100 बार. मोटर इंडक्शन प्रकारची आहे आणि पंपात तिरक्या चकतीने मागेपुढे होणारे तीन प्लंजर, म्हणजे पाणी ढकलणारे दट्टे आहेत. अजून दीड हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. त्यापलीकडे गेल्यास भंगारातले यंत्र घेण्यात काही अर्थ उरणार नाही.

विजेच्या बाजूचे काम झाले आहे. सुरुवातीला मोटर नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. पंखा हाताने सहज फिरत असल्यामुळे पंप अडकलेला नाही हे कळले, आणि फुगलेला कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचा नवा बसवताच मोटर सुरू झाली. आधीच्या मालकाने वायर कापून दोन पिनांचा प्लग लावला होता. ओल्या अंगणात वापरायच्या यंत्राला अर्थिंग नसणे मला पटले नाही, त्यामुळे तीन पदरी वायर, तीन पिनांचा प्लग आणि 30 मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवल्याशिवाय मी त्यात पाणी घातले नाही.

खरी अडचण पंपाची आहे. ट्रिगर दाबल्यावर धार एकसारखी न येता धडधडत येते. हायड्रॉलिक पाइपच्या दुकानातून मीटर उसना आणून लावला, तर सुई 45 बारच्या आसपास थरथरत राहते. नॉझल झिजले असावे, असा पहिला अंदाज होता. भोक 1 मिमीचे 1.4 मिमी झाले, तर क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते आणि तेवढ्याच पाण्याला दाब चौथ्या हिश्श्यावर येतो, इतके हे भोक नाजूक असते. परंतु नॉझल बदलण्याआधी मी गन काढून, शेजारी ठेवलेल्या ड्रममधून पाणी ओढायला लावून, 10 लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजले. मिनिटाला 7 लिटर या हिशेबाने सुमारे 86 सेकंद लागायला हवे होते. तीन वेळा मोजूनही 127 ते 130 सेकंद लागले. म्हणजे प्रवाह जवळजवळ नेमका दोन तृतीयांश आहे. दाब प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून 100 बारचे चार नवमांश केले की 44 बार येतात आणि मीटरही तेच दाखवतो. (मी शाळेत गणित शिकवतो, हा आकडा जुळला तेव्हा झालेला आनंद यंत्र दुरुस्त झाल्याइतकाच होता, हे कबूल करतो.) यावरून तीनपैकी एक सिलिंडर पाणी ढकलत नाही आणि नॉझल निर्दोष आहे, असा निष्कर्ष मी काढला.

पंपाचे डोके उघडल्यावर सहाही व्हॉल्व्हवर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार साचलेले दिसले. लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणात रात्रभर ठेवल्यावर ते सुटले. पाच व्हॉल्व्ह ठीक आहेत. सहाव्याचा प्लास्टिकचा पिंजरा तडकला असून स्प्रिंग तिरकी बसते, त्यामुळे आतली चकती बैठकीवर टेकत नाही. हा व्हॉल्व्ह मुद्दाम दुसऱ्या सिलिंडरला लावून पुन्हा बादली भरली, तरी वेळ तेवढाच लागला. मूळ सिलिंडरमध्येही दोष असता तर आता दोन सिलिंडर निकामी होऊन प्रवाह एक तृतीयांश झाला असता. तसे झाले नाही. या तर्कात काही चूक असल्यास कृपया दाखवून द्यावी.

आता मुख्य प्रश्न. शहरातले विक्रेते सुटा व्हॉल्व्ह देत नाहीत, पंपाचे अख्खे डोकेच घ्या म्हणतात आणि ते माझ्या अंदाजपत्रकाच्या दुपटीहून महाग आहे. माझ्या व्हॉल्व्हचा बाहेरचा व्यास 14 मिमी आणि उंची 17 मिमी आहे. अशा घरगुती पंपांचे व्हॉल्व्ह ठरावीक मापांत येतात का, आणि मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हार्डवेअरच्या बाजारात केवळ मापावरून ते मिळू शकतील का? इथल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातले एक टर्नर (लेथवर धातू कातणारे कारागीर) पितळेचा पिंजरा करून द्यायला तयार आहेत. परंतु मिनिटाला हजारो वेळा आपटणाऱ्या चकतीखाली प्लास्टिकऐवजी पितळ आले, तर बैठक लवकर खराब होईल का, याविषयी ते स्वतःच साशंक आहेत. शेजाऱ्यांच्या सूचनेवरून फवारणीच्या एचटीपी पंपाचे व्हॉल्व्हही पाहिले. ते गावोगावी मिळतात, पण बरेच मोठे आहेत.

दुसरा प्रश्न सीलचा. पंपातले तेल ताकासारखे पांढरे निघाले, म्हणजे प्लंजरभोवतालच्या सीलमधून पाणी तेलात उतरत आहे. प्लंजर 14 मिमीचे आहेत आणि त्यांवर नखाला लागेल असा ओरखडा नाही. सीलचा बाहेरचा व्यास 24 मिमी, जाडी 6 मिमी. पाण्याच्या बाजूचे सील यू-आकाराचे दिसतात. त्यांच्या जागी त्याच मापाचे साधे ऑइल सील बसवण्याचा सल्ला एका दुकानदाराने दिला, पण ते 100 बार सोसतील असे मला वाटत नाही. टेफ्लॉनची कडी कातून तिच्यामागे नायट्राइलची ओ-रिंग देण्याचा प्रयोग कोणी केला आहे का?

तेलाविषयीही मते वेगवेगळी ऐकली. 15डब्ल्यू-40 इंजिन ऑइल घालावे की ट्रॅक्टरचे उरलेले 68 नंबरचे हायड्रॉलिक तेल चालेल? पंपाला पातळी दाखवणारी काच नाही, त्यामुळे किती भरायचे तेही सांगावे.

पंपाचे डोके सध्या उघडेच ठेवले आहे. आणखी कोणते माप लागल्यास विचारावे, व्हर्निअर हाताशी आहे.