बॅनरलॉर्डमध्ये सैन्य हजाराचं, ओळखीचं कोणी नाही

जुना_स्वार:
माउंट अँड ब्लेड या मध्ययुगीन लढायांच्या व्हिडिओ गेम मालिकेतला 'वॉरबँड' (२०१०) मी किती तास खेळलो ते इथे लिहीत नाही, घरचे वाचतात. त्याच मालिकेतला पुढचा 'बॅनरलॉर्ड'ही २०२० मध्ये अर्धाकच्चा आला तेव्हापासून खेळतोय. वेढे, पायदळाची फळी, घोडा भरधाव सोडून रोखलेला भाला, सगळं आता सरस आहे, वादच नाही. पण कॅलरेडिया, म्हणजे खेळातला तो सारा मुलूख, ओसाड पडलाय. वॉरबँडमध्ये सोबती मोजकेच, पण प्रत्येकाची कुंडली निराळी. एकाला दुसरा डोळ्यांसमोर नको असायचा, गाव लुटलं की तिसरा तोंडावर सुनवायचा, आणि फारच झालं तर सरळ चालू पडायचा. बॅनरलॉर्डचे सोबती साच्यातून काढलेले: अमका 'द स्विफ्ट', तमका 'द सर्जन'. एक मेला की खानावळीतून दुसरा उचला. चारदा कैद केलेला सरदार पाचव्यांदाही तीच दोन वाक्यं म्हणतो.

तटबंदी:
साफ असहमत. वॉरबँडचे वेढे विसरलात का? अख्खी फौज एका शिडीवर मुंग्यांसारखी, आणि वरचा एकच धिप्पाड नॉर्ड (खेळातल्या उत्तरेकडच्या लढवय्यांपैकी) खाली एकेकाला लोळवतोय. आता तटाला भगदाड पाडता येतं, दार फोडायला ओंडका आहे, बुरूज ढकलत नेता येतो. जिवंतपणा संवादातच शोधायचा असं कुठे लिहिलंय? गावं जळली की शहरात धान्य महागतं, तांडा लुटला गेला की माझी कमाई बुडते. जग हालतंय की!

जुना_स्वार:
हालतंय, पण कोणासाठी? लोहारकामात दोन हाती तलवारी घडवून विकायला लागलं की पैशाची चिंता मिटते. मग धान्य महाग झालं काय नि स्वस्त झालं काय.

कवडी:
तटबंदी, वेढ्यांबद्दल शंभर टक्के मान्य. पण मला आठवतो तो वॉरबँडमधला राजा हार्लाउस. शत्रू दारात, आणि हा मेजवान्या झोडतोय! चिडून मी त्याची चाकरी सोडली आणि त्याच्याच गादीवर हक्क सांगणारीला जाऊन मिळालो. खानावळीतल्या शाहिराकडून कविता शिकून मेजवानीत म्हणून दाखवायची, हेही तिथलंच. बॅनरलॉर्डमध्ये लग्न म्हणजे दोन-चार संवाद आणि मग सासऱ्याशी सौदा.

घोडेबाजार:
आठवणींना साखर लागलीय सगळ्यांच्या. वॉरबँड इतकी वर्षं टिकला तो 'प्रोफेसी ऑफ पेंडोर'सारख्या मॉड्समुळे, म्हणजे चाहत्यांनी खेळात केलेल्या बदलांमुळे. आणि बॅनरलॉर्डमध्ये गोष्ट नाही म्हणता, तर पूर्वी झालेल्या पेंद्राइकच्या लढाईची चौकशी करून पाहा. दहा जणांना गाठायचं, ज्याची त्याची हकीकत वेगळी, आणि जो तो दोष दुसऱ्यावर ढकलतो. खेळातल्या साम्राज्याची तीन शकलं का झाली ते त्यातून उमगत जातं.

जुना_स्वार:
ती दहा भाषणं चांगली लिहिलीत, कबूल. पण भाषण संपलं की तो माणूसही संपला. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'वॉर सेल्स' हा बॅनरलॉर्डचा जोडभाग आला, जहाजं आली, नॉर्ड आले. जहाजावर चढवायची ती हीच बिनचेहऱ्याची माणसं.

तटबंदी:
वॉरबँडमध्ये तुमचा नायक मरतच नव्हता हो! बेशुद्ध, कैद, सुटका, पुन्हा तेच. इथे माझा पहिला नायक म्हातारा होऊन गेला. वर्ष ८४ दिवसांचं, तरी मुलगी अठराची होईपर्यंत जीव टांगणीला लागला होता. शेवटी तिने गादी सांभाळली, बटानिया राज्यातले दोन किल्ले परत मिळवले. ही गोष्ट मला कोणी लिहून दिली नव्हती, ती घडली. असलं वॉरबँडमध्ये एक तरी दाखवा.

जुना_स्वार:
वा, हे आवडलं. नाव काय होतं मुलीचं?

तटबंदी:
थांबा, सेव्ह उघडून बघतो.