पीएचपीमायअॅडमिन: आयडीऐवजी बागायतदाराचं नाव कसं दाखवायचं?

पेटीवाला, देवगड
मायएसक्यूएल 8 डेटाबेस, पीएचपीमायअॅडमिन या ब्राउझरमधल्या साधनातून हाताळतो. ‘पेट्या’ टेबलात बागायतदार_आयडी आहे, फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणारा दुवा) ‘बागायतदार’ टेबलाला लावलेली. ब्राउझ केलं की नुसते 17, 42 असे आकडे. नाव हवं आणि सोबत वाडीही, कारण एकाच नावाचे दोघं-तिघं गावोगाव असतात. ‘पेट्या’च्या रिलेशन व्ह्यूमध्ये ‘चूज कॉलम टू डिस्प्ले’ बदलून पाहिलं, काही फरक नाही.

खाडीपलीकडचा
टेबल चुकलं. हा कॉलम निवडायचा तो ज्याच्याकडे फॉरेन की बोट दाखवते त्या टेबलात, म्हणजे ‘बागायतदार’ → स्ट्रक्चर → रिलेशन व्ह्यू. तिथे ‘नाव’ निवडून सेव्ह. काहीच निवडलं नसेल तर पहिला अक्षरी कॉलम उचलला जातो, मग नावाऐवजी मोबाइल नंबरही दिसू शकतो.

मग ‘पेट्या’ ब्राउझ करा, वरच्या ऑप्शन्समध्ये ‘रिलेशनल की’ऐवजी ‘रिलेशनल डिस्प्ले कॉलम’. आयडी कुठे जात नाही, नावावर माउस नेला की दिसतो. कायमचं हवं तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘रिलेशनलडिस्प्ले’ची किंमत ‘के’ असते ती ‘डी’ करा.

मालवणी_जॉइन
डिस्प्ले कॉलम एकच निवडता येतो, त्यामुळे वाडीसाठी जनरेटेड कॉलम (इतर कॉलमांवरून आपोआप तयार होणारा) करा:

ऑल्टर टेबल बागायतदार अॅड कॉलम ओळख व्हारचार(200) जनरेटेड ऑलवेज अॅज (कॉन्कॅट_डब्ल्यूएस(', ', नाव, वाडी)) व्हर्च्युअल;

आणि डिस्प्लेला ‘ओळख’ लावा. साधं कॉन्कॅट (मजकूर जोडणारं फंक्शन) नको. वाडी नल (रिकामी) असली की अख्खी ओळखच नल होते. कॉन्कॅट_डब्ल्यूएस नल गाळून पुढे जातं.

पेटीवाला, देवगड
आता ‘नाव, वाडी’ दिसतंय. पण नवी नोंद करताना ड्रॉपडाउन येत नाही, आणि एक्स्पोर्टमध्ये परत आकडेच.

खाडीपलीकडचा
बागायतदार शंभरावर गेले असतील. कॉन्फिग फाइलमधलं ‘फॉरेनकीमॅक्सलिमिट’ मुळात 100 असतं, त्यापुढे ड्रॉपडाउनऐवजी ‘ब्राउझ फॉरेन व्हॅल्यूज’ची लिंक येते. 300 केलंत तरी चालेल. हजारोंत नेऊ नका, पान उघडता उघडत नाही.

एक्स्पोर्टला डिस्प्ले कॉलमशी देणंघेणं नाही, तो टेबलात आहे तेच देतो. त्यासाठी दोन्ही टेबलं जॉइन करून (जोडून) व्ह्यू, म्हणजे साठवलेली क्वेरी, बनवा आणि तोच एक्स्पोर्ट करा. ‘पेट्या’ डावीकडे ठेवून लेफ्ट जॉइन घ्या, नाहीतर ज्या पेट्यांना बागायतदार लावलेला नाही त्या यादीतून गुपचूप गळतील.