अहिराणीसाठी ओपन मॉडेल की कंपनीचं?

जळगावकर: प्रोजेक्ट अहिराणीवर करतोय. कंपनीचं एआय भाषा मॉडेल भारी चालतं पण आत कोणता डेटा घातलाय ते कळतच नाही, काय वापरू?

शिरपूरची ताई: भाऊ, ब्लूम बघ, ते ओपन मॉडेल आहे, म्हणजे कुणालाही उतरवून वापरता येतं. २०२२ ला १००० हून जास्त संशोधकांनी मिळून केलं, १७६ अब्ज पॅरामीटर (म्हणजे मॉडेल शिकताना आत जुळवतं ते आकडे), ४६ भाषा, त्यात मराठी पण आहे. अहिराणी नाही, पण डेटात काय आहे ते तरी सांगितलंय, मला तेच मोठं वाटतं.

धुळेकर: ताई बरोबर, पण ते ट्रेन झालं, म्हणजे डेटावर शिकवलं गेलं, फ्रान्सच्या सरकारी सुपरकॉम्प्युटरवर, नुसत्या हौसेवर एवढं मशीन कोण देतं, पैसा लागतोच.

जळगावकर: मग छोटं ओपन मॉडेलच घेतो, माझ्याच कॉम्प्युटरवर चालेल असं. आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्यात, त्या कुठं जातात ते मला माहीत पाहिजे.