जपानमधून नागपूरच्या सातवीच्या वर्गाला काय पाठवायचं, कसं पाठवायचं?

सातवी_ब

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात शिक्षकांच्या सांस्कृतिक अभ्यासदौऱ्यावर १२ दिवस जपानला जायचं आहे. टोकियो, क्योटो, नारा असा मार्ग आहे. वर्ग सातवीचा, पट ४२, मराठी माध्यम, शाळा नागपूरच्या कडेला. वेळ साडेदहा ते पाच. वर्गात एक जुना ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे, वायफाय नाही. वर्ग सांभाळणाऱ्या मॅडम फोनचा हॉटस्पॉट देतील.

परत आल्यावर तीनशे फोटो लावून "हे मंदिर, हेही मंदिर" करायचं नाही. मुलं प्रवासात सोबत असायला हवीत. म्हणून विचारतो:
१) लाइव्ह व्हिडिओ कॉल बरा की रेकॉर्ड करून पाठवणं?
२) रोज काय पाठवावं? भूगोल, गणित, भाषा यांना जोडता येईल असं हवं.
३) येताना ४२ जणांसाठी दोन-अडीच हजारांत काय आणता येईल, आणि काय आणू नये?

तारजोडणी

सर, आधी घड्याळ. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तुमची साडेदहाची घंटा म्हणजे तिथले दुपारचे दोन. फेब्रुवारीच्या सुरुवातीला टोकियोत पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. म्हणजे उजेडात काही दाखवायचं तर नागपूरचे साडेदहा ते दीड एवढीच खिडकी. जेवणाच्या सुट्टीनंतरची तासिका धरली तर मुलांना फक्त दिवे दिसतील.

हे साडेतीन तास मुलांना आयते सांगू नका, त्यांनाच काढू द्या. जपानचं प्रमाण रेखावृत्त १३५ अंश पूर्व, ते आकाशी शहरावरून जातं. आपलं साडेब्याऐंशी. फरक साडेबावन्न अंश, अंशाला ४ मिनिटं, एकूण २१० मिनिटं. अर्धी मुलं नागपूरचं ७९ अंश धरतील आणि उत्तर पावणेचार तासांच्या आसपास येईल. येऊ द्या. स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ यांतला फरक फळ्यावर समजावण्यापेक्षा ही चूक लवकर समजावते.

लाइव्ह की रेकॉर्डेड? दोन्ही, पण भर रेकॉर्डेडवर. हॉटस्पॉटवर ४२ मुलांसमोर चित्र अडकलं की पाच मिनिटांत वर्ग हातचा जातो. दोन-तीन मिनिटांची क्लिप आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवरून पाठवा. मॅडमनी ती घरी उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावी. लाइव्ह कॉल सगळ्या दौऱ्यात दोन-तीनच, प्रत्येकी १० ते १५ मिनिटं, फक्त प्रश्नोत्तरांसाठी.

जिथे हमखास घोळ होतो त्या जागा:

नवे फोन एच-२६५ पद्धतीत चित्रण करतात. जुन्या टीव्हीवर अशा फाइलचा नुसता आवाज येतो, चित्र येत नाही, किंवा ती उघडतच नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच-२६४ निवडा (काही फोनवर त्याला "मोस्ट कम्पॅटिबल" म्हणतात). निघण्यापूर्वी शाळेच्या अंगणाची एक क्लिप काढून त्याच टीव्हीवर, त्याच पेनड्राइव्हने चालवून बघा. ही चाचणी सोडू नका.

चित्राची स्पष्टता ७२० पुरते. १०८० ला फाइल दुपटीच्या आसपास जाते आणि ४३ इंचावर मागच्या बाकाला फरक कळत नाही. क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून पाठवतं आणि पाट्यांवरची अक्षरं फिसकटतात. फोन आडवा. एका जागी किमान १० सेकंद स्थिर. नजर फिरते त्या वेगाने फोन फिरवला तर बघणाऱ्याला गरगरतं.

लाइव्हमध्ये टीव्हीचा आवाज फोनच्या माइकात शिरून घुमतो. तुम्ही बोलताना वर्गाचा माइक बंद. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने उठून फोनपाशी यायचं. बाकावरून ओरडलेलं काही कळत नाही.

विजेचं: तिथे १०० व्होल्ट, दोन चपट्या पिनांचं सॉकेट. चार्जरवर "१०० ते २४०" लिहिलेलं असेल तर फक्त अडॅप्टर पुरे. लॅपटॉपच्या तीन पिनी बसत नाहीत, त्याचा वेगळा अडॅप्टर लागतो. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, तेव्हा पॉवरबँक कोटाच्या आतल्या खिशात.

मोजपट्टी

वरच्याशी सहमत, पण रोज क्लिप नको. १२ दिवसांत पाच-सहा पुरे, आणि प्रत्येक क्लिपच्या आदल्या दिवशी वर्गात एक काम. मुलांनी आधी हाताने काहीतरी केलेलं असलं की बघताना ती शोधत बघतात. नाहीतर तो टीव्हीच.

रेल्वेपासून सुरुवात करा, नागपूरच्या पोरांना ती कळते. वर्गाच्या फरशीवर खडूने समांतर रेघांच्या चार जोड्या आखायच्या: ७६२, १०६७, १४३५ आणि १६७६ मिलिमीटर. पहिली आपली नॅरोगेज, २०१९ पर्यंत इतवारी–नागभीडला होती ती. मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात इंजिनं उभी आहेत, जमलं तर आधी तिथे एक फेरी मारा. दुसरी जपानच्या साध्या गाड्यांची, तिसरी शिंकान्सेनची (बुलेट ट्रेन), चौथी आपली ब्रॉडगेज. शिंकान्सेनचा रूळ आपल्या ब्रॉडगेजपेक्षा जवळजवळ पाव मीटर अरुंद आहे, हे बघून मुलं चक्रावतात: मग ती इतकी जोरात कशी पळते? उत्तर रुळाच्या रुंदीत नाही, मार्गात आहे. मोठ्या त्रिज्येची वळणं, एकही फाटक नाही, मालगाडी नाही, रूळ फक्त तिचेच. १९६४ च्या १ ऑक्टोबरला टोकियो–ओसाका ५१५ किलोमीटरचा हा मार्ग सुरू झाला तेव्हा चार तास लागायचे, आता अडीचच्या आत-बाहेर.

आखताना चूक होते ती अशी: गेज म्हणजे रुळाच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतचं अंतर. मुलं खडूच्या रेघेच्या मध्यापासून मोजतात. रेघ दोन बोटं जाड असेल तर ७६२ चे सहज ७३० होतात.

आता क्लिप. शिंकान्सेनची नोझोमी गाडी लहान स्टेशनांवर थांबत नाही. खिडकीला फोन टेकवून एका स्टेशनातून जातानाचं चित्रण घ्या: फलाटाची सुरुवात ते शेवट, कुठेही न तोडता. गाडी १६ डब्यांची, लांबी ४०० मीटर, फलाट त्याहून थोडाच लांब. मुलांनी स्टॉपवॉच लावायचं. साडेपाच सेकंदांच्या आसपास येईल. ४०० भागिले साडेपाच, सेकंदाला जवळपास ७३ मीटर, ताशी २६० किलोमीटर. प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं येणार, कारण अंगठा दाबायला दोन-तीन दशांश सेकंद जातात आणि फलाटाची नेमकी लांबी आपण धरलेली नाही. सहा-सात गटांची सरासरी काढायला लावा. (या मार्गावरचा कमाल वेग ताशी २८५ आहे. एखाद्या गटाचं उत्तर ४०० आलं तर घड्याळ तपासा, गाडी नव्हे.)

टोकियोहून क्योटोकडे जाताना उजवीकडची खिडकीची ई सीट मागा. पाऊण तासाने फुजी दिसतो, ३७७६ मीटर. जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोरडी असते, दिसण्याची शक्यता चांगली.

बर्डी_ते_कामठी

रेल्वे ठीक आहे हो, पण दौरा सांस्कृतिक आहे ना! नागपूरला जपान परका नाही. कामठीचं ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर १९९९ पासून जपानी मैत्रीची खूण म्हणून उभं आहे, आणि दीक्षाभूमीशी जोडलेले भदंत सुरेई ससाई मूळचे जपानचेच. मुलांपैकी कित्येक जण दोन्हीकडे जाऊन आलेले असतील. तिथून धागा धरा.

नारा येथे तोदाइजी मंदिरात पंधरा मीटर उंचीची कांस्य बुद्धमूर्ती आहे. ७५२ साली तिच्या डोळ्यांत बुबुळं रंगवून प्रतिष्ठापना केली ती बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. त्याच्या कुंचल्याला लांब दोरे बांधले होते आणि जमलेल्यांनी ते हातात धरले होते, म्हणजे डोळे उघडण्यात सगळ्यांचा हात लागावा. हे वर्गात करून बघता येतं: फळ्यावर कोऱ्या डोळ्यांचा चेहरा, एक ब्रश, त्याला सुतळी, सुतळी ४२ हातांत. सुतळी ताणून धरली तर ब्रश हलत नाही, सैलच हवी. (मूर्ती आगीत आणि भूकंपात बिघडून अनेकदा दुरुस्त झाली. आजचं मस्तक सतराव्या शतकातलं, सभागृह १७०९ चं. हे सांगून टाका, नाहीतर मुलं सगळंच ७५२ चं समजतील.)

त्याच सभागृहात एका खांबाच्या बुडाशी आरपार भोक आहे, मूर्तीच्या नाकपुडीएवढं मानतात, साधारण ३७ बाय ३० सेंटिमीटर. टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात तेवढं कापून ठेवा. कोण पलीकडे जातो यावर मधली सुट्टी निघेल. एक हात पुढे, एक अंगालगत ठेवला तर खांदे तिरके होऊन निघतात. दोन्ही हात अंगाशी धरणारा अडकतो.

तुमच्या तारखांत सेत्सुबुन हा सण येतोय, बहुधा ३ फेब्रुवारीला. भाजलेले सोयाबीन फेकत "ओनी वा सोतो, फुकु वा उची" म्हणतात: राक्षस बाहेर, भाग्य घरात. सर, हे तर आपलं मारबतच! "इडा पिडा घेऊन जा गे मारबत." तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबतीची मिरवणूक बघितलेल्या पोराला सेत्सुबुन समजवावा लागत नाही. फरक मात्र त्यांच्याकडूनच काढून घ्या: आपण पीडा पुतळ्यात घालून गावाबाहेर नेऊन जाळतो, ते घरातून दाणे मारून हाकलतात. आपला राग बडग्यांवर (मिरवणुकीतल्या पुतळ्यांवर) लिहून मिरवतो, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत. त्यांचा राक्षस दरवर्षी तोच, शिंगांचा मुखवटा घातलेला. दाणे भाजतात, कारण न उचललेला कच्चा दाणा उगवला तर अशुभ मानतात. क्लिपमध्ये घोषणेचा आवाज नीट येऊ द्या, देवळाच्या गर्दीत स्पीकरपासून लांब उभे राहा. वर्गात सोयाबीनऐवजी फुटाणे. वयाइतके खायचे असतात, म्हणजे सातवीला बारा-तेरा.

कानामात्रा

भाषेचा मुद्दा कुणी घेतला नाही. जपानी काना लिपीचा क्रम संस्कृत वर्णमालेवरून बसवलेला आहे. स्वर अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी: क, स, त, न, ह, म, य, र, व. मुलांना विचारा, आपल्या क-च-ट-त-प शी हे जुळतं का? "स" आणि "ह" अडतील. जुन्या जपानीत "स" चा उच्चार "च" च्या जवळचा होता आणि "ह" चा "प". ते परत बसवा: क, च, त, न, प, म, य, र, व. मराठी मुलाला ही ओळ पाठच आहे.

मग नावं. त्यांच्याकडे "न" सोडून सुटं व्यंजन नाही आणि "ल" नाही. म्हणून नागपूरचं होतं नागुपुरु, विमलचं बिमारु (वि चा बि होतो). प्रत्येकाने आपलं नाव आधी देवनागरीतच असं तोडून लिहायचं, त्याची यादी तुम्ही न्यायची आणि तिथल्या यजमानांकडून कातकानात (परकी नावं लिहायची काना लिपी) लिहून घ्यायची. ४२ नावं एका बैठकीत जड जातात, रोज सात. जोडाक्षरांची नावं (प्रज्ञा, श्रद्धा) शेवटी ठेवा, त्यांवर चर्चा होते.

परवानगी_आधी

थोडक्यात. जिल्हा परिषद, मनपा किंवा अनुदानित शाळा असेल तर परदेश प्रवासाची पूर्वपरवानगी आणि रजा लेखी घ्या, तोंडी "जा हो" चालत नाही.

जपानी शाळेला भेट असेल तर मुलांचे चेहरे टिपायचे नाहीत, जोवर ती शाळा स्वतः हो म्हणत नाही. त्याऐवजी हात, चपलांचे कप्पे, जेवणाची ताटं. तिथे मुलंच पांढरे अ‍ॅप्रन आणि टोप्या घालून वर्गात जेवण वाढतात आणि शाळा झाडतात-पुसतात. आपल्या पोषण आहाराशेजारी हे ठेवून बघण्यासारखं आहे. आपल्या मुलांच्या बाबतीतही तोच नियम. कॉलचं रेकॉर्डिंग कुणाच्या स्टेटसला जाणार असेल तर पालकांची सही लागते. देवळांत बऱ्याच ठिकाणी आतला फोटो आणि ट्रायपॉड मना असतो. क्योटोच्या गिऑनमधल्या खासगी गल्ल्यांत फोटोला बंदी आहे.

जाताना संत्री नेऊ नका, कितीही मोह झाला तरी. ताजी फळं प्रमाणपत्राशिवाय आत जात नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. येताना तांदळाचं बी, रोप, माती आणू नका.

आणायचं तर नाणी. एक येनचं नाणं ॲल्युमिनियमचं, वजन बरोबर १ ग्रॅम. शंभर आणली तर विज्ञानाच्या तराजूला वजनं झाली. पाच येनचं पितळी, मधे भोक, त्यावर भाताची लोंबी, पाणी आणि दातेरी चाक: शेती, मासेमारी, उद्योग. आकडा फक्त चिनी लिपीत, तेव्हा किंमत मुलांनाच ओळखू द्या. त्याचा उच्चार "गो-एन", आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे आपला ऋणानुबंध, म्हणून देवळात तेच टाकतात. ४२ नाण्यांचे २१० येन. बँकेत इतकी सुटी सहज मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून दुकानातली मोड जमवत जा.

सातवी_ब

मंडळी, वही भरली. ठरवलं ते असं: निघण्याआधी खडूचे रूळ आणि रेखावृत्तं, क्लिपा पाच (नोझोमी, तोदाइजी, सेत्सुबुन, जेवण वाढणं, काना), कॉल दोन, दोन्ही अकरा वाजता. नाणी येताना. एक राहिलं: सात गटांना सात पोस्टकार्डं टाकावी म्हणतो. माझ्या आधी पोचतील का?

तारजोडणी

भरवसा धरू नका, तुम्ही पोचल्यावरही येऊ शकतात. म्हणून प्रत्येकावर क्रमांक, टाकल्याची तारीख आणि शहर लिहा, आणि सातांवर मिळून एकच मजकूर तोडून टाका. पत्ता शाळेचाच, मुलांच्या घरचा नको. पिनकोड ठळक, खाली देशाचं नाव रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत. बाकी पत्ता मराठीत असला तरी जपानच्या टपालाला तेवढंच वाचायचं असतं. आणि मॅडमना सांगून ठेवा, कार्ड येईल तसं नकाशाशेजारी टाचणीने लावायचं. चौथं आधी आणि दुसरं नंतर आलं की मजकूर जुळवत बसतील पोरं.

मोजपट्टी

टाकतानाची वेळही लिहा, जपानची. नागपूरची किती ते त्यांनी काढावं.