यासुनीच्या वर्षावनात समुदायाच्या निवासात राहण्याविषयी

प्रश्न: इक्वेडोरमधील यासुनी राष्ट्रीय उद्यानात किचवा आन्यांगू समुदाय स्वतः चालवत असलेल्या निवासात राहण्याचा विचार आहे. तेथे पोहोचायचे कसे, आणि आपला पैसा खरोखर गावाला मिळतो का?

उत्तर: कोका शहरातून नापो नदीने मोटरबोटीचा सुमारे २ तासांचा प्रवास आहे. पुढच्या ओढ्यात इंजिनाला मनाई असल्याने गावकरीच होडी वल्हवत नेतात, आणि त्या शांततेमुळेच महाकाय पाणमांजरे दिसण्याची आशा असते.

उत्तर: निवासाची मालकीच समुदायाची असल्याने उत्पन्न शाळा व आरोग्यसेवेच्या कामी येते आणि शिकार बंद ठेवणे गावाला परवडते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

उत्तर: पोपट माती खायला येतात तो कडा अवश्य पाहावा, पावसात ते सहसा येत नाहीत. पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्यावी.