मर्ल ओबेरॉनने मुंबईतला जन्म लपवला, यात तिचा दोष किती?

रानजाई:
जुन्या हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन हिचा विषय निघाला की आधी ‘आपल्या मुंबईची’ म्हणून कौतुक होतं आणि लगेच ‘पण जन्मभर खोटं बोलली’ असा शेरा येतो. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो.

तिचा जन्म १९११ चा, मुंबईतला. वाढली कलकत्त्यात, अँग्लो-इंडियन घरात, आईकडून सिलोनचं नातं. लंडनमध्ये दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाने १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ चित्रपटात तिला राणी ॲन बोलीनची भूमिका दिली आणि जगाला सांगितलं गेलं की ही मुलगी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची. त्या काळची अमेरिका आठवा. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्यांना दार बंद केलेलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदी माणूस ‘गोरा’ नाही, त्याला नागरिकत्व नाही. खरं सांगून ‘वुदरिंग हाइट्स’ चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर नायिका कॅथी कोण करू देणार होतं तिला?

माहीमकर:
कायद्याचं मान्य. पण शार्लटचं काय? जिने मर्लला लहानाचं मोठं केलं, तिला लंडनच्या घरात पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून वावरावं लागलं, असं चरित्रकार सांगतात. १९३७ मध्ये ती वारली. पुढे मर्लने चित्रकाराकडून तिचं चित्र करवून घेतलं, तेही वर्ण उजळ करून. हे कुठल्या न्यायालयाने करायला लावलं होतं?

आणि तेव्हाच हॉलिवूडमध्ये ॲना मे वाँग होती. चिनी वंश कधी लपवला नाही तिने.

रानजाई:
माहीमकर, वाँगचं उदाहरण माझीच बाजू भक्कम करतं. ‘द गुड अर्थ’ चित्रपटातली चिनी शेतकरणीची भूमिका तिला मिळाली नाही, कारण नवऱ्याच्या भूमिकेत पॉल म्युनी हा गोरा नट होता आणि पडद्यावर गोऱ्या-आशियाई नटांची जोडी तेव्हा चालत नसे. ती गेली जर्मन लुइझ रायनरकडे, आणि रायनरला ऑस्करही मिळालं. खरेपणाची ही किंमत मर्लच्या डोळ्यांसमोर घडत होती.

शार्लटबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते वाचताना मलाही त्रास होतो.

सई_के:
तुम्ही दोघं तिच्या कामाबद्दल बोलतच नाही आहात! ‘द डार्क एंजल’साठी तिला प्रमुख अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन होतं, त्या वर्षी बेटी डेव्हिस जिंकली. १९३७ च्या मोटार अपघाताने चेहऱ्यावर व्रण राहिले आणि कोर्डाचा ‘आय, क्लॉडियस’ हा चित्रपट अर्धवट सुटला. नंतर छायालेखक लुसियन बॅलार्डने कॅमेऱ्याजवळ बसवायचा एक खास दिवा तयार केला. समोरून सपाट प्रकाश पडून व्रण पुसट दिसत. त्या दिव्याला तिच्याच नावावरून ‘ओबी’ म्हणतात. अशा चेहऱ्यानिशी परत उभी राहणारी बाई नुसती ‘लबाड’ कशी ठरते?

माहीमकर:
सईताई, जिद्दीबद्दल वाद नाही. माझा आक्षेप उतारवयातल्या मर्लवर आहे. १९४६ मध्ये अमेरिकेचा कायदा बदलला, हिंदी लोकांना नागरिकत्व मिळू लागलं. तरी १९७८ मध्ये ती टास्मानियातल्या होबार्टला गेली, तिथल्या लोकांनी ‘आपली’ म्हणून सत्कार केला. पुढच्याच वर्षी ती वारली. मुंबईचं सत्य बाहेर आलं १९८३ मध्ये, दुसऱ्यांच्या लेखणीतून. उतारवयात स्वतः खरं सांगून तिला काय गमवायचं होतं?

रानजाई:
स्वतःचं घर, दत्तक मुलं, चाळीस वर्षांचं नाव. कायदा १९४६ मध्ये बदलला, पण त्या समाजाची नजर त्याच वर्षी बदलली असं मी मानत नाही.