गोलकीपर असून स्टीफन क्लक्स्टनला एवढं मोठं का मानतात?

लिफीकाठी:
मंडळी, मी डब्लिनला असतो, उन्हाळ्यात इथे गेलिक फुटबॉलशिवाय दुसरा विषय नसतो. बेसिक कळलं, १५-१५ जण, बॉल हातात घेता येतो, जाळ्यात मारला की ३ पॉइंट, बारवरून गेला की १, फार लांबून मारला तर आता २. पण ऑल टाइम ग्रेट विचारलं की अर्धे लोक क्लक्स्टन म्हणतात. केरी काउंटीचा डेव्हिड क्लिफर्ड एवढे स्कोअर मारतो आणि हे गोलकीपरचं नाव घेतात, असं काय केलंय त्याने?

क्रोकपार्कवारी:
किकआउट, म्हणजे स्कोअर झाल्यावर किंवा बॉल मागे बाहेर गेल्यावर गोलकीपर बॉल परत खेळात आणतो ती किक! आधी काय व्हायचं की गोलकीपर बॉल जोरात लांब हाणायचा, मग मधले उंच मिडफिल्डर उड्या मारून झोंबायचे आणि ज्याला मिळेल त्याचा. क्लक्स्टन समोरचे जागेवर यायच्या आत बॉल टेकवून मोकळ्या माणसाला नेमका द्यायचा, कधी जवळ, कधी थेट साइडलाइनला, त्यामुळे डब्लिनचा अटॅक त्याच्या पायापासून सुरू व्हायचा. नुसता बॉल अडवणारा गोलकीपर नव्हता तो. २००१ पासून टीममध्ये, पण पहिली दहा वर्षं ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंटींमधली सगळ्यात मोठी ट्रॉफी, काही मिळेना, २००९ ला तर केरीने क्वार्टर फायनलला १७ पॉइंटनी धुतलं. आणि पुढे बघा, २०११, २०१३, मग २०१५ ते २०२० सलग सहा!! त्यातल्या सात वेळा कॅप्टन हाच.

हिल१६:
२०११ ची फायनल कशी विसरलात राव. समोर केरीच, डब्लिन शेवटच्या काही मिनिटांपर्यंत ४ नी मागे, केविन मॅकमॅनमनने गोल मारला, मग बरोबरी, आणि अगदी शेवटी फ्री किक मिळाली ती घ्यायला क्लक्स्टन स्वतःचा गोल सोडून पुढे आला आणि बारवरून मारली. १-१२ विरुद्ध १-११ (आधी गोल, मग पॉइंट), १९९५ नंतरचं पहिलं टायटल. अजूनही बघताना अंगावर काटा येतो.

साधा_प्रेक्षक:
सगळं श्रेय एकट्याला देऊ नका हो. किकआउट घ्यायला जागा करून पळणारे पण लागतात, फेंटन, किलकेनी, मॅकार्थी नसते तर बॉल कुणाला दिला असता? डब्लिनचा तेव्हाचा मॅनेजर जिम गॅविन, त्याची ट्रेनिंगही तशीच होती. पण एक मानतो, २०२० च्या फायनलनंतर दोन सीझन बाहेर राहिला, रिटायरमेंट वगैरे जाहीर काही नाही, आणि २०२३ ला ४१ व्या वर्षी परत येऊन केरीला हरवून नववं मेडल, आणि हे सगळं शाळेत शिकवण्याची नोकरी सांभाळून, कारण या खेळात पगार नाही.

क्रोकपार्कवारी:
@साधा_प्रेक्षक पळणारे हवेतच, मान्य. पण त्याच्यामुळे बाकी काउंटींनाही गोलकीपर बदलावे लागले, सगळेच शॉर्ट किकआउट घ्यायला लागले, आणि शेवटी २०२५ ला नियम आला की किकआउट ४० मीटरच्या आर्कबाहेर (गोलसमोर आखलेली कमान) गेलाच पाहिजे. तो नियम सुचवणाऱ्या कमिटीचा अध्यक्ष कोण? जिम गॅविनच!

लिफीकाठी:
भारी, हे ऑफिसात कुणी सांगितलंच नव्हतं. सुरुवात कुठल्या मॅचपासून करू?

हिल१६:
२०१९ ची पहिली फायनल, ड्रॉ झालेली. पहिल्या हाफमध्ये केरीच्या पॉल गीनीची पेनल्टी अडवलीय त्याने, आणि डब्लिन बराच वेळ १४ जणांवर खेळलं. स्कोअर सोडा, प्रत्येक किकआउटला त्याची नजर कुठे जाते तेवढं बघा.